पाओओ

हवाईतल्या ओआहू बेटाच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली, की लाव्हाच्या काळ्या खडकांत जागोजागी डबकी उरतात. अशाच एका डबक्याशी मी उकिडवा बसलो होतो. माझी सावली पाण्यावर पडायचा अवकाश, तळाशी काहीतरी काळसर हललं आणि टुणकन उडी मारून शेजारच्या डबक्यात गडप झालं.

हा पाओओ. ब्लेनी कुळातला मासा, जेमतेम वीतभर. अंगावर खवले नाहीत, नुसता बुळबुळीत. तोंड बोथट, डोळे पार कपाळावर. बारीक दातांनी खडकावरचं शेवाळ खरवडत बसायचं, कोणी आलं की उडायचं.

खाडीच्या चिखलात निवट्या पाहिलेल्या कोकणी माणसाला माशाच्या उडीचं अप्रूप नाही. पण निवटी पडली तरी चिखलात पडते. इथे नेम चुकला तर खडकावर आपटणं आलं! मग पलीकडे पाणी आहे हे आधी कसं कळतं? खडकांतल्या अशाच एका उड्या मारणाऱ्या गोबी माशावर अ‍ॅरन्सन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने प्रयोग केले आणि १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. भरतीच्या वेळी खडकांवरून पोहताना तो मासा खळगे कुठे आहेत ते पाहून ठेवतो आणि ओहोटीत त्या आठवणीवर उडी घेतो. गोबी काही ब्लेनीचा सख्खा नव्हे, पण धंदा तोच.

मोठेपणी असा घरकोंबडा असलेला पाओओ लहानपण मात्र भर समुद्रात काढतो. अंडी कपारीत चिकटवलेली, राखणीला बाप. पिल्लं बाहेर पडली की प्रवाहाबरोबर वाहत जातात. यांचा मूळ पुरुषही कधीकाळी असाच वाहत आला असणार. सगळ्यात जवळचा खंड सुमारे ३,८०० किलोमीटर लांब, त्यामुळे आलेला इथलाच झाला. आज हवाई बेटं सोडून पाओओ जगात कुठेही नाही.

आणि हवाई राज्याचा अधिकृत मासा कोण? हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ! १९८५ मध्ये निवडला, २००६ मध्ये कायम केला. रंगीत, देखणा, टी-शर्टवर शोभणारा. फक्त तो थेट आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत सापडतो. अस्सल भूमिपुत्र डबक्यात शेवाळ खरवडतोय आणि मान या फिरस्त्याला. माझं मत पाओओलाच. आता मला तिथे मतदानाचा हक्क नाही, ही गोष्ट वेगळी.