वाढदिवसाच्या भेटीचा खोका लहान असला तरी चालतो

तीन-चारशे रुपयांत लहान मुलाला काय द्यायचं हा प्रश्न अवघड होतो तो पैशांमुळे नाही, तर खोका छोटा दिसेल या धास्तीमुळे. तीनशे रुपयांत मोठं काहीतरी दाखवा म्हटलं की दुकानदाराचा हात ठरलेल्या फळीकडेच जातो: किचन सेट, डॉक्टर सेट, किल्लीची गाडी, जाळीच्या पिशवीतले बॅट-बॉल-स्टंप. खोक्यात निम्मी हवा. आतलं पारदर्शक प्लास्टिक एकदा फाडलं की वस्तू परत त्यात बसत नाहीत आणि चाळीस तुकड्यांतले दहा दुसऱ्या आठवड्यात सोफ्याखाली जातात. उरलेलं सगळं पिशवीत बांधून माळ्यावर. वन-बीएचकेत माळाही एकच असतो आणि त्यावर गणपतीची आरास आधीच बसलेली असते.

म्हणून पैसे देण्याआधी एकच बघायचं: सहा महिन्यांनी ही वस्तू त्या घरात कुठे असेल? वापरून संपली असेल, लायब्ररीत परत गेली असेल किंवा रोज हाताळली जात असेल, तर खुशाल घ्या. ‘शोकेसमध्ये’ असं उत्तर आलं तर खाली ठेवा. इथे दोन ते सहा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर आहेत, आणि बजेट साधारण पाचशेच्या आतलं.

संपणाऱ्या वस्तूंत माझी पहिली पसंती घरी शिजवलेल्या मऊ गोळ्याला, म्हणजे ज्याला मुलं ‘क्ले’ म्हणतात त्याला. एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि दोन लहान चमचे लिंबाचा रस. सगळं गार असतानाच कढईत कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही. मग मंद आचेवर उलथन्याने सतत हलवायचं. चार-पाच मिनिटांत मिश्रण कडा सोडून उकडीसारखं एकत्र येतं. ताटात काढून ओल्या फडक्याखाली झाकायचं आणि कोमट असतानाच दोन-तीन मिनिटं मळायचं. तीन भाग करून प्रत्येकात खायच्या रंगाचे दोन-तीन थेंब. एका वाटीत साधारण तीनशे ग्रॅम गोळा होतो, एका मुलाला तेवढा पुरे.

बिघडतो तो ठरावीक ठिकाणी. हाताला चिकटला म्हणजे कमी शिजलाय, पुन्हा मिनिटभर कढईत घाला. तुटतोय, भेगा पडताहेत म्हणजे जास्त शिजलाय, ओल्या हाताने आणि थोड्या तेलाने मळा. जाडं मीठ वापरलं तर ते कणीकण हाताला लागत राहतं. ‘एवढं मीठ कशाला’ म्हणून कमी केलं तर काही दिवसांत बुरशी येते, कारण गोळा टिकतो तो मिठावरच. तेच मीठ पावसाळ्यात हवेतली ओल ओढतं आणि वरचा थर चिकट होतो. कोरडा मैदा लावून पुन्हा मळलं की ठीक होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवला तर दोन-तीन आठवडे सहज जातात. हळदीचा रंग सुंदर येतो, पण कपड्यांवर आणि फरशीवरही येतो. गोळा खारट असतो, त्यामुळे सगळं तोंडात घालणाऱ्या वयात देऊ नका, गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाला तर नाहीच. घरात कुत्रा असेल तर एवढं मीठ त्याच्या पोटात जाणं धोक्याचं असतं. द्यायचा असेल तेव्हा प्लास्टिकच्या डबीत नको, छोट्या स्टीलच्या डब्यात द्या आणि सोबत मुलाच्या हाताला बेताचं लाकडी लाटणं. गोळा संपल्यावर डबा शाळेत जातो आणि लाटणं स्वयंपाकघरात.

चार वर्षांच्या पुढे शाडूसुद्धा छान. वाळून कडक झाली तरी कुटून रात्रभर भिजवली की पुन्हा वापरता येते. फक्त आई-बाबांना एक सांगून ठेवा: हात बेसिनमध्ये धुवायचे नाहीत. माती पाइपात साचून बसते. बादलीत धुवायचे, गाळ कुंडीत टाकायचा.

रंग देताना लोक रंगांवर खर्च करतात आणि कागद विसरतात. वीस पानी चित्रकलेची वही तीन वर्षांचं मूल दोन दिवसांत संपवतं, मग उरलेले रंग भिंतीवर. त्यापेक्षा सहा-आठ जाड मेणाचे खडू आणि साध्या पाचशे कागदांचं रीम द्या. चोवीस रंगांचे बारीक खडू या वयाच्या मुठीत पहिल्याच दिवशी मोडतात. ऑइल पेस्टल दुकानात मोहात पाडतात, पण कपड्यांवर लागले की निघता निघत नाहीत. स्केचपेनांचं टोपण उघडं राहतं आणि आठवडाभरात सुकतात, शिवाय दाब देऊन टोक आत जातं. पाच वर्षांपुढच्या मुलाला बारा वड्यांची वॉटरकलरची डबी चालेल, पण तिच्यातला ब्रश केस सोडतो म्हणून सहा किंवा आठ नंबरचा गोल ब्रश वेगळा घ्या. त्याला रीमचा कागद उपयोगाचा नाही, ओला झाला की सुरकुततो आणि फाटतो. कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, कापून द्या.

लाकडी चौकटीची दगडी पाटी अजूनही मिळते. ती जागा खात नाही आणि संपतही नाही, फक्त पडली तर फुटते. पाटीवरची पेन्सिल खाणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, तेव्हा त्या मुलाचा कल विचारून द्या.

बियांचे तयार किट खोक्यात देखणे दिसतात, पण बिया किती जुन्या आहेत ते कळत नाही आणि न उगवलेलं रोप बघत बसणं लहान मुलाला झेपत नाही. घरातली मेथी घ्या. उथळ, खाली भोकं असलेला ट्रे, त्यात तीन-चार बोटं माती किंवा कोकोपीट. दोन चमचे मेथी रात्रभर भिजवून दाणे एकावर एक येणार नाहीत असे पसरायचे, वर पातळ थर, मग रोज पाण्याचा फवारा. दोन-तीन दिवसांत कोंब वर येतात आणि दोन-तीन आठवड्यांत कात्रीने कापून पराठ्यात घालता येते. धणे या वयाला नकोत. ते रगडून दोन भाग करून लावावे लागतात आणि उगवायला आठ-दहा दिवस घेतात. मेथी कुजते ती जास्त पाण्याने, म्हणून तांब्या देऊ नका, छोटी फवाऱ्याची बाटलीच द्या. खरं तर मुलाला मेथीपेक्षा ती बाटलीच जास्त आवडते.

पुस्तकांबद्दल सगळेच बोलतात, पण चुकीचं पुस्तकही अडगळच असतं. दोन वर्षांच्या आतबाहेर जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, गोल कोपऱ्यांचं. चावलं तरी टिकतं. तीन ते सहा वर्षांसाठी पानावर मोठं चित्र आणि एक-दोन ओळी. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, एकलव्य, तूलिका यांची अशी पुस्तकं बघा; पातळ असतात आणि बरीचशी अगदी कमी किमतीत मिळतात, म्हणजे एका भेटीत तीन-चार बसतात. ‘एकशे एक गोष्टी’ छापाचा जाडजूड ठोकळा घेऊ नका. बारीक अक्षर, कंटाळवाणी चित्रं आणि मुलाला उचलतही नाही. बटण दाबलं की अक्षरं बोलणारी पुस्तकं बहुतेक घरांत आधीच असतात आणि त्यांचा सेल संपला की आई-बाबा तो मुद्दाम बदलत नाहीत. पुस्तकावर मुलाचं नाव शाईने नको, चिठ्ठीवर लिहा. मग पुढे ते मावसभावाला निमूट जातं.

परदेशात असलेल्या भाचीसाठी कुरिअरचा खर्च पुस्तकापेक्षा जास्त होतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा फुकट आहेत. आजीने व्हिडिओ कॉलवर त्यातली एक वाचली की भेट पोचली. इथल्या मुलांसाठी मासिकाची वर्गणीही चांगली: पुण्याहून निघणारं ‘चिकूपीकू’ लहानांसाठी आहे, आणि बालभारतीचं १९७१ पासूनचं ‘किशोर’ थोड्या मोठ्या वयासाठी, ते ताईदादांना द्या. वर्गणी भरताना पत्त्यात विंग, फ्लॅट क्रमांक आणि घरातल्या मोठ्या माणसाचा मोबाइल हवाच. नुसतं ‘चि. अमुक’ लिहिलं की अंक वॉचमनच्या टेबलावर पडून राहतो. आणि जवळच्या ग्रंथालयात बालविभाग असेल तर तिथली वर्षाची वर्गणी द्या. मुंबईत १८९८ सालचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्यात त्याहून पाच वर्षं जुनं मराठी ग्रंथसंग्रहालय. गावोगावीही वाचनालयं आहेत. आधी फोन करून मुलांची पुस्तकं घरी देतात का, अनामत किती, हे विचारून घ्या.

खेळणंच द्यायचं तर आधी त्या घरी विचारा. संकोचाचं काही नाही. “वहिनी, पिल्लूकडे ब्लॉक्स कुठले आहेत? त्यातच भर घालावी म्हणतेय,” एवढा मेसेज पुरतो. वेगळ्या मापाचे ब्लॉक्स एकमेकांत बसत नाहीत आणि दोन अर्धवट संच तयार होतात. जिगसॉ घेताना तुकडे मोजा: दोन वर्षांला मूठ असलेले चार-सहा, तीनला बारा, चारला चोवीस, पाचला पन्नासच्या आसपास. देण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या मागे एकच खूण करा आणि खोक्याऐवजी चेनच्या कापडी पिशवीत भरा, वरचं चित्र कापून आत टाका. घरात तीन जिगसॉ एकत्र झाले की त्या खुणेची किंमत कळते.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घातला की कंपनीचं नाव दिसतं. नोंदणीकृत कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन असलेल्या हस्तकलेच्या खेळण्यांना यातून सूट आहे, तेव्हा चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यावर चिन्ह दिसलं नाही म्हणून घाबरू नका. या खेळण्यांवर लाखेचा थर असतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून सॅनिटायझरने पुसली की चकाकी जाऊन पृष्ठभाग चिकट होतो. कोरडं किंवा जेमतेम ओलं फडकं पुरे. सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगवलेली लाकडी फळं सुरेख, पण ती वस्तू तोंडात घालण्याचं वय सरल्यावर. तुळशीबागेतली पितळी भातुकली घेताना प्रत्येक भांड्याच्या कडेवरून बोट फिरवून बघा, पातळ पत्र्याची धार लागते. आणि पूर्ण संच कशाला? पोळपाट-लाटणं, एक कढई, एक झारा. मुलं त्यातच सगळं शिजवतात.

तीन वर्षांखाली एक नियम मोडायचा नाही: टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती घशातही अडकू शकते. गोल चपट्या बटण सेलचं खेळणं तर तेव्हाच घ्यायचं जेव्हा सेलचं झाकण स्क्रूने बंद असेल. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. गाणारी ग्रीटिंग कार्डंही यातच आली. छोटे जोरदार चुंबक आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणी मी कुठल्याच लहान मूल असलेल्या घरात नेणार नाही.

अडगळ न होणारी मोठी भेट हवी असेल तर चार-पाच जणांनी पैसे एकत्र करा. साडेतीन-चार वर्षांला १२ किंवा १४ इंची चाकाची सायकल, पाच-सहाला १६ इंची; सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. ‘वाढतं अंग’ म्हणून मोठी घेतली की वर्षभर जिन्याखाली उभी राहते. सहलीची भेट द्यायची तर ‘कधीतरी राणीच्या बागेत जाऊ’ असं कूपन देऊ नका, ते कधीच वटत नाही. चिठ्ठीवर तारीख घाला, आणि ती बुधवारची नको. राणीची बाग आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय, दोन्ही बुधवारी बंद असतात.

पाकीट देणं मला अजिबात रुक्ष वाटत नाही. पोस्टात महिना शंभर रुपयांपासून पाच वर्षांचं आवर्ती ठेवीचं (आरडी) खातं निघतं, मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धीत वर्षाला किमान २५० रुपये. खातं आई-बाबांनीच काढायचं असतं, त्यामुळे आधीच असेल तर पाकिटावर ‘खात्यासाठी’ लिहा, नाहीतर ते केकच्या बिलात जातं.

रिटर्न गिफ्टला वीस प्लास्टिकच्या शिट्ट्या देण्यापेक्षा प्रत्येकी एक पातळ पुस्तक किंवा खडूंची पेटी. भावंडं सोबत येतात म्हणून चार जास्त आणा. बोरन्हाणात मात्र उत्सवमूर्तीच्या वयाकडे बघा. बोरं, हरभरे, उसाचे करवे आणि हलवा हे सगळं वर्षाच्या बाळाच्या घशात अडकण्याजोगं असतं. बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे ओता, बाकीची लूट मोठ्या मुलांच्या बाजूला, आणि पहिली झुंबड ओसरायच्या आत बाळाला उचलून घ्या.