बर्लिनमधलं पहिलं सव्वा वर्ष: लेटरबॉक्स, कीटा आणि दोन किलो तूप

गेल्या महिन्यात ओळखीतल्या दोघींनी विचारलं, आम्ही पण जर्मनीला निघतोय, काय काय करायचं ते सांग ना. दोघींना फोनवर तासभर तेच तेच बोलून झाल्यावर वाटलं की एकदाच लिहून टाकावं. आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि तेव्हा पावणेतीन वर्षांची लेक, 2024 च्या सप्टेंबरात चिंचवडहून बर्लिनला आलो. नवऱ्याची नोकरी इथे, ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी लोकांना नोकरीसाठी मिळणारा राहण्याचा परवाना). मी तिकडची नोकरी सोडून आले. याबद्दल खाली लिहिते कारण त्याबद्दल आधी मला कोणीच बोललं नव्हतं.

प्रवास मुंबई ते फ्रँकफर्ट साधारण नऊ तास, मग तिथून बर्लिनची छोटी फ्लाइट. इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं आणि त्यानंतर परत सिक्युरिटी, त्यामुळे लहान मूल बरोबर असेल तर मध्ये तीन तास तरी ठेवा, आम्ही दीड तास ठेवलेला आणि लेकीला काखोटीला मारून पळालो. लग्नाचं सर्टिफिकेट, जन्मदाखला, त्यांची जर्मन भाषांतरं आणि मुलाची लसीकरणाची वही हे सगळं ओरिजिनल हातातल्या बॅगेत. चेक-इनमध्ये टाकू नका.

आणि आता तूप. सासूबाईंनी दोन किलो लोणकढं तूप स्टीलच्या डब्यात भरून, झाकणाला टेप लावून, वर प्लॅस्टिक, वर टॉवेल असं बांधून दिलेलं. बर्लिनला बॅगा घेऊन बाहेर पडताना आम्हाला बाजूला घेतलं, बॅग उघडली, डबा गेला. चूक आमचीच. युरोपियन युनियनच्या बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर सगळं बाद. ताजा कढीपत्ता आणि आंबे पण नाहीत, त्यांना सर्टिफिकेट लागतं. फळांत नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाचांनाच सूट आहे (ड्युरियन कोण नेतं देव जाणे, पण नारळ चालतो म्हणजे गणपतीची सोय झाली). गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, चिवडा आम्ही बिनधास्त आणतो. तुपाला इथे पर्याय आहे, ते पुढे सांगते.

दुसरी चूक, आम्ही शनिवारी रात्री पोचलो. रविवारी इथे दुकानं बंद असतात, सुपरमार्केटसकट सगळी. हे वाचलेलं होतं पण वाचणं वेगळं आणि सकाळी सहाला जेटलॅगने उठलेलं पोर दूध मागतंय ते वेगळं. मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं रविवारी उघडी असतात. आम्ही मोआबिटमध्ये उतरलो होतो, तिथून हाउप्टबानहोफ म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशन जवळ, नवरा जाऊन दूध, ब्रेड, केळी घेऊन आला. शिवाय बर्लिनमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर श्पेटी असतात, आपल्या टपरीवजा किराणा दुकानासारख्या, रात्री उशिरापर्यंत चालू. जमलं तर मंगळवार-बुधवारी पोचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथे माणसाची किंमत त्याच्या पत्त्यावर आहे. आल्यावर चौदा दिवसांत ब्युर्गरआम्टमध्ये (आपल्या वॉर्ड ऑफिससारखं) जाऊन पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्याला घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. म्हणून सुरुवातीचं टेम्पररी घर बुक करताना भाडं नंतर विचारा, आधी विचारा की इथे आनमेल्डुंग होईल का. स्वस्तातली बरीच घरं इथेच नाही म्हणतात. अपॉइंटमेंट मिळणं बर्लिनमध्ये वैताग आहे, पण शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टची चालते, आपल्याच भागातली पाहिजे असं नाही, आणि सकाळी सकाळी साइट रिफ्रेश करत बसलं की कॅन्सल झालेली एखादी मिळते. आम्हाला पार श्पांडाउची मिळाली, म्हणजे शहराचं दुसरं टोक, गेलो मुकाट्याने.

नोंदणी झाली आणि आम्ही निवांत. टॅक्स आयडी पोस्टाने येणार होता. आठवडा गेला, दोन गेले, महिना झाला, काही नाही, आणि आयडी नाही म्हणून नवऱ्याचा पहिला पगार सहाव्या टॅक्स क्लासमध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त कर लागतो त्यात, कापून आला, आकडा बघून दोघंही गप्प बसलो (पुढे तो हिशेब सरळ झाला, पण त्या महिन्यात भाडं होतंच). मग खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला हाताला धरून लेटरबॉक्सपाशी नेलं आणि बोट दाखवलं. आमचं नावच नव्हतं त्यावर! इथे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, मुळात बऱ्याच बिल्डिंगांत फ्लॅटना नंबरच नसतात, तो आडनाव बघतो, नाव नसेल तर पत्र परत. आमची एक नाही, चार-पाच पत्रं परत गेली होती, बँकेचं कार्ड, इन्शुरन्सचं कार्ड, सगळं. तर ज्या दिवशी किल्ली हातात येईल त्या दिवशी कागदावर आडनाव लिहून लेटरबॉक्सवर आणि बेलवर चिकटवा. बाकी सामान नंतर उघडा.

नावावरून आठवलं. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. इथे ते सगळं मिळून तुमचं पहिलं नाव धरतात. त्यामुळे मला येणाऱ्या प्रत्येक पत्रावर माझ्या नावाला जोडून नवऱ्याचं नाव असतं, लेकीच्याही. डॉक्टरांच्या रिसेप्शनवरच्या बाईने एकदा फार गोड विचारलं, तुम्हा दोघींचं दुसरं नाव एकच कसं आणि ते पुरुषाचं का? समजावून सांगता सांगता माझं त्या दिवसापर्यंतचं सगळं जर्मन संपलं. उपाय एकच, सगळीकडे पासपोर्टवर आहे तस्संच नाव लिहा, एका फॉर्मवर एक आणि दुसऱ्यावर दुसरं केलंत की निस्तरत बसाल.

कायमचं घर नोव्हेंबरात मिळालं, कार्ल्सहोर्स्टला, चाळीसेक अर्जांनंतर. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे मेंटेनन्स आणि बहुतेक वेळा हीटिंग धरून, जाहिरात बघताना वार्ममीटेचा आकडा बघा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटे आणि कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं, हे मालक आपणहून सांगत नाही. घर ताब्यात घेतलं तर स्वयंपाकघर नाही! ओटा, सिंक, शेगडी काही नाही, नुसत्या भिंती आणि नळाचं टोक. प्रत्येक खोलीत छतातून वायरी लोंबतायत, दिवे आपले आपण आणायचे. नोव्हेंबरात चार-सव्वाचारला अंधार होतो. पहिली रात्र मोबाइलच्या टॉर्चवर काढली, लेकीला भलती मजा वाटली. जाहिरातीत आइनबाउक्युशे असं लिहिलं असेल तर किचन आहे असं समजा.

किचनवरून सांगते, इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही, इंडक्शन बुडाचा स्टीलचा कुकर भारतातूनच आणा. पोळ्यांना सुपरमार्केटमधलं 405 नंबरचं पीठ घेऊ नका, तो मैदाच, इंडियन दुकानातला आटा आणा. मसुराची डाळ सगळीकडे मिळते, तुरीची नाही. आणि तूप: अनसॉल्टेड बटर आणून घरी कढवा, झक्कास होतं, सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर बेरी दाखवली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

कीटा म्हणजे बालवाडी आणि पाळणाघर एकत्र. बर्लिनमध्ये फी नाही, जेवणाचे महिन्याला 23 युरो. पण आधी युगेंडआम्टकडून (मुलांसाठीचं सरकारी ऑफिस) कीटा-गुटशाइन, म्हणजे कीटाचं व्हाउचर, घ्यावं लागतं आणि मग जागा आपली आपण शोधायची. मी ईमेल केले, उत्तरं नाहीत, मग सरळ लेकीला घेऊन दारोदार गेले, मोडक्या जर्मनमध्ये, आणि तिसऱ्या दिवशी एका ठिकाणी हो म्हणाले. ईमेलवर विसंबू नका, तोंड दाखवा. गोवराच्या लसीचा पुरावा कायद्याने लागतो, 2020 पासून, म्हणून ती वही सांभाळा म्हटलं.

प्रवेश मिळाला म्हणजे सोमवारी सोडलं आणि ऑफिसला गेलं असं नाही. आइनगेव्योनुंग नावाचा प्रकार असतो, सवय लावणं. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा वर्गातच बसणार, तासभर, मग मुलाला घेऊन घरी. चौथ्या दिवशी पहिल्यांदा काही मिनिटं बाहेर जायचं, तेही नीट निरोप घेऊन, गुपचूप सटकायचं नाही. मूल रडलं आणि बाईंकडून शांत झालं नाही तर परत बोलावतात आणि पुढचे काही दिवस परत मागे. आमचे पाच आठवडे गेले. मला सुरुवातीला हे अतीच वाटलं, आपल्याकडे रडणाऱ्या पोराला गेटवर देऊन आयांनी पाठ फिरवायची पद्धत, मीही तशीच शाळेत गेलेय. पण पाचव्या आठवड्यात ती स्वतः म्हणाली, आई तू जा आता. मी बाहेर येऊन ट्रॅमच्या स्टॉपवर बसून रडले. दोघांपैकी एकाने तरी महिनाभर मोकळं राहायची तयारी ठेवा, नोकरीची जॉइनिंग डेट त्या हिशेबाने घ्या.

कीटाच्या सामानात चिखलाची रबरी पँट, गमबूट, घरातल्या चपला, सगळ्यावर नाव. पावसात पण बाहेर नेतात. चिखलाने माखून येणं म्हणजे दिवस चांगला गेला असं समजायचं.

पैशांचं पटापट सांगते. किंडरगेल्ड, म्हणजे मुलामागे सरकार देतं ते पैसे, 2026 पासून महिन्याला 259 युरो, अर्ज उशिरा केला तर मागचे सहाच महिने मिळतात, आल्या आल्या करा. सरकारी इन्शुरन्समध्ये न कमावणारा जोडीदार आणि मूल फुकटात कव्हर होतात. महिन्याचा डॉइचलांड-टिकेट पास (देशभरच्या लोकल गाड्या, बस, ट्रॅमला चालणारा) आम्ही आलो तेव्हा 49 युरो होता, आता 63, सहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. बाटल्या फेकू नका, प्लॅस्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट परत, आमच्या लेकीचा शनिवारचा आवडता उद्योग. रात्री-अपरात्री डॉक्टर लागला तर 116117, जिवावरचं असेल तर 112.

आता ते वर म्हटलेलं. नवऱ्याला पहिल्या दिवसापासून ऑफिस होतं, इंग्लिश बोलणारी माणसं होती, कॉफी होती. मला लेक आणि खिडकी. डिसेंबरात सकाळी सव्वाआठला उजाडतं आणि चारच्या आत सूर्य गेलेला असतो, लेक दुपारी झोपून उठली की विचारायची, सकाळ झाली का? त्या दोन महिन्यांत आम्ही जितके भांडलो तितके लग्नानंतरच्या पाच वर्षांत मिळून नसू. फोक्सहोखशूलेचा (मोठ्यांसाठीचे क्लास घेणारी सरकारी संस्था) जर्मनचा क्लास जानेवारीत लागला आणि आठवड्यातून काही तास मी कुणाची तरी आई नसलेली बाई झाले. तर क्लासचं नाव आल्याच्या पहिल्या आठवड्यात घाला, घर लागल्यावर बघू म्हणू नका, मी तेच केलं. आणि जो नोकरीवर जातो त्याने संध्याकाळी घरी येऊन दमलो म्हणायच्या आधी पोराला घेऊन खाली जावं, एवढं लिहून ठेवते.

लेकीची भाषा आता भन्नाट झालीय. 'आई मी म्यूडे आहे' (दमलेय), 'मला शाउकेल्न करायचंय' (झोका खेळायचाय), भांडताना फक्त जर्मन. अकरा नोव्हेंबरच्या सुमारास कीटात मुलं कागदाचे कंदील करून अंधारात गाणी म्हणत फिरतात, सांक्ट मार्टिनची मिरवणूक. आमच्याकडे दिवाळीचा आकाशकंदील खिडकीत तसाच होता, तोच काठीला बांधून ती घेऊन गेली. बाईंनी विचारलं हा कुठून आणला, तर म्हणाली आजीने पाठवला, ते खोटं होतं, तो मी यूट्यूब बघून केलेला.

मे महिन्यात सासूबाई येतायत, तीन महिन्यांसाठी. तुपाचं त्यांना तीनदा सांगून झालंय. काल फोनवर म्हणाल्या, अगं पण अर्धा किलोच आणते.