फ्लिंट हिल्स: दगडांनी राखलेलं गवत

विचिटाहून दादाच्या गाडीतून निघालो, कॅसोडेला मोठा हायवे सोडून १७७ नंबरच्या रस्त्याला लागलो आणि तिथून पुढे दोन्ही बाजूंना नुसतं गवत सुरू झालं. सप्टेंबर संपत आलेला, त्यामुळे हिरवं असं फार उरलं नव्हतं, कुठे तांबूस, कुठे सोनेरी, ओढ्याकाठची झाडं सोडली तर क्षितिजापर्यंत झाड म्हणून नाही. मला हे कधीपासून बघायचं होतं, कारण अमेरिकेतली उंच गवताची प्रेअरी एकेकाळी साधारण १७ कोटी एकरांवर पसरलेली होती आणि आज त्यातली ४ टक्केसुद्धा शिल्लक नाही, आणि जी काही आहे ती बहुतेक इथेच, कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये आणि खाली ओक्लाहोमात.

इथेच का उरली ते चालायला लागलं की बुटाखालीच कळतं. चुनखडीचे थर, त्यात गारगोटीचे म्हणजे फ्लिंटचे तुकडे आणि वर माती जेमतेम. आयोवा, इलिनॉयकडे माती खोल आणि काळी, तिथे १८३७ नंतर स्टीलचे नांगर आले आणि बघता बघता सगळी प्रेअरी मक्याखाली गेली, इथे मात्र फाळ दगडावर आपटायचा म्हणून लोकांनी टेकड्यांवर शेतीचा नाद सोडला आणि गुरं चारली.

स्ट्राँग सिटीच्या जरा उत्तरेला टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह आहे, सुमारे ११ हजार एकर, १९९६ मध्ये स्थापन झालेलं. १८८१ चं दगडी रँच हाउस आहे, ते दादाने नीट बघितलं, मी पटकन ट्रेलला लागले.

बिग ब्लूस्टेम हे इथलं मुख्य गवत. काडीच्या टोकाला तुऱ्याचे तीन फाटे, थेट पक्ष्याच्या पावलासारखे, आणि काडी खाली निळसर तर वर जांभळट-तांबडी. हे आपल्या ज्वारीच्या आणि उसाच्या भाऊबंदातलं गवत आहे, काडीची पेरं हातात धरून बघितली की ते लगेच पटतं. टेकडीच्या माथ्यावर ते कमरेलाही लागत नाही पण खाली सखल भागात माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. त्याच्यासोबत इंडियन ग्रास, लिटल ब्लूस्टेम, मधेमधे गोल्डनरॉडची पिवळी फुलं आणि त्यांच्यावर मोनार्क फुलपाखरं, मेक्सिकोकडे निघालेली. पण खरं झाड जमिनीखाली आहे, मुळं दहा-दहा फूट खोल जातात आणि वर दिसतं त्यापेक्षा खाली कितीतरी जास्त असतं. म्हणून दुष्काळ पडो, गुरं चरोत, आग लागो, गवत परत येतं.

आणि आग तर लावतातच. कॉ आणि ओसेज हे इथले मूळ रहिवासी पूर्वी गवत पेटवायचे, आता रँचवाले मार्च-एप्रिलमध्ये पेटवतात, काळ्या जमिनीला ऊन लागतं आणि थोड्याच दिवसांत कोवळं गवत वर येतं. आग बंद केली तर काय होतं ते उत्तरेला कोन्झा प्रेअरीत संशोधकांनी दाखवलंय, तिथे काही तुकडे दरवर्षी जाळतात, काही चार वर्षांनी, काही वीस वर्षांनी, आणि वीस वर्षांच्या तुकड्यांत झुडपं आणि रेड सीडरची झाडं घुसलीत. म्हणजे गवताला इथे झाडांपासून वाचवावं लागतं! आपल्याकडे वृक्षारोपणाच्या उत्साहात हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मी सोलापूरची, आमच्या माळरानाची नोंद कागदोपत्री पडीक म्हणून होते आणि माळढोक मात्र त्याच माळावर जगत आला, त्यामुळे हे वाचताना-बघताना मला खरंच वाईट वाटत होतं. इथला प्रेअरी चिकनसुद्धा तसाच उघड्यावरचा पक्षी, वसंतात नर पहाटे ठरलेल्या जागी जमतात आणि मानेच्या नारिंगी पिशव्या फुगवून घुमतात. पण दरवर्षी सगळंच्या सगळं जाळणंही बरोबर नाही असं मला वाटतं, घरट्याला जुनं वाळलेलं गवत लागतंच, त्यामुळे आळीपाळीने तुकडे जाळणं जास्त शहाणपणाचं.

बायसन वरच्या कुरणात दिसले. २००९ मध्ये साउथ डकोटातल्या विंड केव्हहून १३ आणले होते, आता मोठा कळप झालाय. ट्रेल त्यांच्याच कुरणातून जाते, त्यामुळे भरपूर अंतर ठेवूनच चालायचं. वाटेत त्यांच्या लोळण्याचा एक खड्डा लागला, गोल, माती घट्ट दाबलेली, कडेला तपकिरी केसांचे पुंजके अडकलेले. पावसात अशा खड्ड्यांत पाणी साठतं आणि आजूबाजूला नसलेली झाडं तिथे उगवतात. बायसन मुख्यतः गवतच खातात, फुलझाडं सोडून देतात, म्हणून त्या फुलझाडांना ऊन मिळतं. कोन्झात १९८७ मध्ये बायसन सोडले होते, तिथे पुढच्या तीसेक वर्षांत स्थानिक वनस्पतींच्या प्रकारांची संख्या जवळपास दुप्पट झाली.

परतताना फॉक्स क्रीकच्या काठची खालची ट्रेल केली. ही माती खोल, म्हणून ती पूर्वी नांगरली गेली होती, आता तिथे स्थानिक बी पेरून प्रेअरी परत आणायचं काम चाललंय. गवत छान उभं राहिलंय, पण वरच्या न नांगरलेल्या टेकडीवर एका पावलात जितकी वेगवेगळी पानं सापडतात तितकी इथे नाही सापडत.

जाणार असाल तर पाणी आणि टोपी घ्या, सावली अजिबात नाही, फुल पॅंट घाला आणि संध्याकाळी गोचीड तपासा. फुलं हवी असतील तर जून, उंच गवत हवं असेल तर सप्टेंबर. प्रवेश फुकट आहे. मला आता एप्रिलमध्ये जायचंय, प्रेअरी चिकनसाठी, दादाला आत्ताच सांगून ठेवलंय.