वाघोबाची गोष्ट वर्गात कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘बाई, बिबट्या पार दारात यायला लागलाय आणि तुम्ही पोरांना वाघोबाच्या गोष्टी कसल्या सांगता?’ पालकसभेत हे हमखास निघतं. मी जुन्नर तालुक्यात शिकवते, त्यामुळे त्यामागची भीती मला परकी नाही. इथे माणसं गेली आहेत. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घरी मी गोष्ट घेऊन जात नाही.

वर्गात मात्र सांगते. गोष्ट पालघर-ठाण्याकडच्या वारली लोकांची. गावागणिक तपशील बदलतो. एका मुलीला लग्नाआधी मूल झालं. ते पोर वाघ व्हायचं, गावची गुरं मारायचं. गाव पेटून उठलं. शेवटी आईच मध्ये पडली: तू रानात राहा, गाव तुला वर्षाला मान देईल, तू गावाला राख. म्हणून वाघबारसेला वाघोबाला नैवेद्य. शेंदूर फासलेल्या फळीवर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य.

मला यातलं सगळ्यात खरं वाटतं ते हे, की वाघ गावाच्याच पोटचा आहे. भांडण घरातलं, म्हणून तडजोडही घरातली, आणि ती दोघांनी पाळायची.

आज आपण सांगतो ती गोष्ट वेगळी: कुठून तरी बिबट्या आला, दहशत पसरली, पकडून लांब सोडा. तसं करूनही झालं. 2001 नंतरची काही वर्षं जुन्नर भागात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 साली त्याचा अभ्यास मांडला: माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले होते.

आणि तो कुठून येणार? धरणं झाली, कालव्याचं पाणी आलं, वर्षभर ऊस उभा राहिला. आडोसा, पाणी, आसपास कुत्री नि डुकरं. मादी उसातच विते. तोडणीत बछडी सापडली की कोयते थांबतात, वनखात्याची माणसं येतात. बछडी खोक्यात घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात; बहुतेकदा रात्रीतून आई येते आणि तोंडात धरून एकेक घेऊन जाते. ज्यांनी हे पाहिलंय, ते तोडकरी बिबट्याबद्दल बोलताना आवाज चढवत नाहीत.

गोष्ट संपली की मुलं कराराला धरून बसतात. ‘बाई, गावाने काय द्यायचं कबूल केलं होतं?’ मग आमची बाजू फळ्यावर येते. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकायच्या नाहीत. शेळ्यांच्या गोठ्याला दार आणि जाळी. अंधार पडला की उसाच्या कडेला एकट्याने बसायचं नाही. एका मुलीचे वडील रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातात. तिने सांगितलं, शेतीची लाइट दिवसा पाहिजे. तेवढं मुलांच्या हातचं नव्हतं, म्हणून ते मी ग्रामसभेत मांडलं.