फोटोत हात आले, तोंड नाही

लॉकडाऊन लागला तो दिवस 25 मार्च 2020, म्हणजे नेमका गुढीपाडवा. बाकीच्यांसाठी सण बुडाला एवढंच, पण आमच्या नारायणगावात पाडव्याच्या आसपास तमाशाच्या फडांच्या राहुट्या, म्हणजे बुकिंगचे तंबू लागतात, गावोगावचे पंच येतात, यात्रेतल्या खेळांच्या सुपाऱ्या फुटतात, आणि हंगामी फडाची वर्षाची भाकरी त्याच चैत-वैशाखात निघते. त्या वर्षी ऐन सीझनला राहुट्या ओस आणि सगळ्या यात्रा रद्द.

आमच्या गल्लीत एक ढोलकीवाले मामा राहतात. मामा नात्याने नाही, सगळं गावच त्यांना मामा म्हणतं. वय तेव्हा सदुसष्ट, मधुमेह, बायको गुडघ्याने बसलेली. आम्ही चार-पाच मित्रांनी व्हॉट्सॲपवर पैसे गोळा करून किराणा वाटला, तांदूळ डाळ तेल चहापत्ती, आणि खरं सांगतो तेव्हा आम्हाला लय भारी वाटत होतं की आपण काहीतरी करतोय. मामांनी पिशवी घेतली पण आमच्यातला एकजण फोटोला मोबाईल काढायला लागला तसे ते सरळ आत निघून गेले. परत आम्ही फोटो काढला नाही. ग्रुपवर दोघातिघांनी फोटो कुठंय म्हणून विचारलं, आणि पुढच्या महिन्याला त्यांचे पैसे आले नाहीत. असो.

किराण्याने पोट भागलं पण मामांची झोप उडाली होती ती उचलीने. बाहेरच्या लोकांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो, फडात सीझन सुरू व्हायच्या आधी कलाकार मालकाकडून उचल घेतो, मग खेळ करत करत ती फेडायची. मालक ती रक्कम आणतो सावकाराकडून व्याजाने. आता खेळच नाही म्हटल्यावर मालक सावकाराच्या तावडीत आणि कलाकार मालकाच्या, कुणी वाईट नाही तरी सगळे अडकलेले. पुढच्या वर्षी फिटेल म्हणत दिवस काढले, तर 2021 ला पाडवा 13 एप्रिलला आणि 14 एप्रिलच्या रात्रीपासून परत निर्बंध. दोन सीझन गेले, सलग.

मग कुणीतरी सुचवलं की सरकारचं वृद्ध कलावंत मानधन आहे, मामांचा फॉर्म भरा. तेव्हा अ ब क अशा तीन वर्गांना महिन्याला 3150, 2700 आणि 2250 रुपये मिळायचे. वय तेव्हा पन्नासच्या वर लागायचं, वर्षाचं उत्पन्न 48,000 च्या आत, आणि कलेतल्या कामाचे पुरावे. पहिल्या दोन गोष्टींत मामा डोळे झाकून बसत होते. घोडं अडलं पुराव्यावर.

मामांनी पत्र्याची पेटी उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि आत जुनी हँडबिलं, गुलाबी पिवळ्या कागदावर मोठ्ठ्या अक्षरात फडमालकाचं नाव, खाली नाचणाऱ्या बायकांची, सोंगाड्याचं, आणि सगळ्यात शेवटी "सोबत ढोलकी, हलगी, तुणतुणे". बस एवढंच. चाळीस वर्षं वाजवलं आणि एका कागदावर माणसाचं नाव नाही! ज्याच्या थापेवर अख्खी बारी, म्हणजे तमाशाचा खेळ उभा राहतो तो कागदावर नुसतं वाद्य. फोटो एकच सापडला, कुठल्या तरी यात्रेतला, त्यात मामांच्या तोंडासमोर नेमका माईकचा स्टँड आणि कर्णा. खाली ढोलकीवर दोन हात मात्र स्पष्ट. मामा म्हणाले, "हे हात माझंच हायेत, करंगळी बघ की." करंगळी खरंच वाकडी आहे, पण साहेबाला करंगळी कशी दाखवायची.

शेवटी दोन फडमालकांकडून लेटरहेडवर दाखले आणले, ग्रामपंचायतीचा एक, तलाठ्याकडून उत्पन्नाचा, आणि फाईल पंचायत समितीत दिली. एकदा परत आली, सहीचा शिक्का पुसट म्हणून. तोवर ढोलकी खुंटीला टांगलेली, पावसाळ्यात चामडं ओल धरून ढिलं पडलं आणि शाईला, म्हणजे चामड्यावरच्या काळ्या लेपाला भेगा गेल्या. मी म्हटलं मामा फेसबुक लाईव्ह करू, तर म्हणाले, "समोर माणूस नाय तर तोडा सोडायचा कुणाकडं बघून?" तरी एकदा केलं. रेंज गेली.

पुढे मानधन सुरू झालं, क वर्गात. त्यातून उचल फिटत नाही, औषधं येतात. सरकारने 2021 मध्ये कलाकारांसाठी एकरकमी 5,000 ची मदत मंजूर केली त्याचाही अर्ज भरला, तो सोपा गेला कारण फाईल तयार होती.

तेव्हापासून मी यात्रेत गेलो की मागं बसलेल्या वाजवणाऱ्यांचे फोटो काढतो, नाव गाव तारीख विचारून मोबाईलमध्ये सेव्ह करतो. मागच्या चैत्रात शेकोटीवर हलगी तापवत बसलेल्या एका म्हाताऱ्याला नाव विचारलं तर तो आधी दचकला, म्हणाला, "काय रं, सावकारानं धाडलंय का तुला?"