एकच पेटी, पाच सॅम्पलर

सॉफ्टवेअर सॅम्पलरची, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज कीबोर्डवरून वाजवू देणाऱ्या प्रोग्रॅमची, तुलना वाचायला गेलं की बहुतेक वेळा ती त्यांच्याबरोबर येणाऱ्या आवाजांची तुलना निघते. कोणाची लायब्ररी किती गिगाबाइटची, कोणाचा पियानो जास्त खरा वाटतो, वगैरे. मला यातलं काहीच नको होतं. मला माझी पेटी कॉम्प्युटरमध्ये आणायची होती, आणि मिडी कीबोर्डवर (जो स्वतः आवाज न करता कॉम्प्युटरला पट्ट्यांचे संदेश पाठवतो) वाजवताना ती पेटीसारखीच वागायला हवी होती. म्हणून मी ठरवलं की प्रत्येक सॅम्पलरला त्याच फाइली द्यायच्या, तीच चाल वाजवायची आणि मग काय ते बोलायचं.

आधी रेकॉर्डिंग. पेटी ३७ पट्ट्यांची, खर्ज-नर रीडची. दर तिसरी पट्टी घेतली तर १३ स्वर होतात, आणि प्रत्येक सॅम्पल (रेकॉर्ड केलेला तुकडा) वर-खाली फक्त एकेक अर्धस्वर ताणावा लागतो. भात्याचा दाब हलका, मध्यम आणि जोरदार असा तीन प्रकारे घेतला, म्हणजे एकूण ३९ सॅम्पल. प्रत्येक साधारण ८ सेकंदांचं, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. सगळं मिळून सुमारे ९० मेगाबाइट. आजच्या कॉम्प्युटरच्या मेमरीत हे सहज मावतं. १९८७ सालच्या ई-म्यू एसपी-१२०० या यंत्रात सगळ्या आवाजांना मिळून जेमतेम दहा सेकंद जागा होती, तीही १२ बिटची. त्या दहा सेकंदांत लोकांनी जे संगीत केलं ते ऐकलं की मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

सॅम्पलरची सॉफ्टवेअरं उघडण्याआधी सर्वांत जास्त वेळ लूपवर गेला, आणि तो जायलाच हवा होता. पेटीचा स्वर पट्टी दाबून ठेवाल तितका वेळ वाजतो, रेकॉर्डिंग मात्र आठ सेकंदांत संपतं. म्हणून मधला एक तुकडा पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. अडचण अशी की खर्ज आणि नर या दोन रीड एका सप्तकाच्या अंतरावर असल्या तरी तंतोतंत जुळलेल्या कधीच नसतात. खर्जाचा दुसरा स्वरांश (मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारा वरचा स्वर) आणि नराचा मूळ स्वर यांच्यात बारीकसा फरक राहतो आणि त्यातून आवाजाला हेलकावे येतात. पेटीचा जिवंतपणा त्यातच आहे. लूपची लांबी या हेलकाव्याच्या पूर्ण पटीत नसेल तर प्रत्येक फेरीला आवाज अडखळतो. हेलकावा सव्वा सेकंदाचा असेल तर लूप अडीच किंवा पावणेचार सेकंदांचा हवा. क्रॉसफेड दिला, म्हणजे एक आवाज विरत असताना दुसरा चढवत नेला, की जोडावरची टिकटिक जाते, पण चुकीच्या लांबीमुळे येणारा हिसका त्याने लपत नाही. प्रत्येक स्वराचा हेलकावा वेगळा, त्यामुळे प्रत्येक लूप कानाने ठरवला. क्रॉसफेड ऑडिओ एडिटरमध्येच फाइलीत मुरवून टाकला आणि लूपच्या खुणा वेव्ह फाइलीच्या आत साठवल्या. अनेक सॅम्पलर त्या खुणा आपण होऊन वाचतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी तेच काम पुन्हा करावं लागत नाही.

फाइलींची नावंही तेव्हाच ठरवली. स्वराचं नाव आणि सप्तकाचा आकडा घालायचा मोह होतो, पण मिडीचा ६० क्रमांकाचा स्वर एसएफझेडमध्ये (वाद्याची मांडणी टेक्स्ट फाइलीत लिहायची पद्धत) सी-४ असतो आणि कॉन्टॅक्ट या सॅम्पलरमध्ये सी-३. नुसता मिडी क्रमांक घातला की हा एका सप्तकाचा घोळ मिटतो.

पहिला सॅम्पलर घेतला प्लोग कंपनीचा स्फोर्झांडो. तो मोफत आहे आणि एसएफझेड वाजवतो. त्यात मॅपिंगची खिडकीच नाही. कोणतं सॅम्पल कुठल्या पट्टीपासून कुठल्या पट्टीपर्यंत वाजेल, त्याचा मूळ स्वर कोणता, सोडल्यावर किती वेळात विरेल (रिलीज), हे सगळं आपण साध्या टेक्स्ट फाइलीत लिहायचं आणि ती फाइल त्यावर टाकायची. काही जणांना हे जाचक वाटेल. मला ते विलक्षण आवडलं. ३९ ओळी डोळ्यांसमोर असतात, शोधा-आणि-बदला वापरून सगळ्यांचा रिलीज एका दमात बदलता येतो, आणि कालची प्रत आजच्या प्रतीशेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते दिसतं.

पहिली सुधारणा व्हेलॉसिटीची, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली ते सांगणाऱ्या मिडीच्या आकड्याची. सॅम्पलर बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पियानो असतो, त्यामुळे पट्टी जोरात मारली की आवाज मोठा, हे गृहीत धरलेलं असतं. पेटीत पट्टी कशीही दाबा, आवाजाचा लहानमोठेपणा भाता ठरवतो. एसएफझेडमध्ये व्हेलॉसिटीचा आवाजावरचा परिणाम शून्य करायला एक ओळ पुरते. आवाजाची पातळी मग मॉड व्हीलकडे (कीबोर्डच्या कडेला असलेल्या चाकाकडे) दिली. मॉड व्हीलचा संदेश मिडीत पूर्ण चॅनेलला लागू होतो, एकेका स्वराला नाही. भाताही सगळ्या पट्ट्यांना एकच असतो, म्हणून ही जोडी चपखल बसते.

नंतर जे घडलं त्याने सगळी तुलनाच बदलली. व्हील वर नेलं की हलक्या दाबाच्या सॅम्पलमधून मध्यममध्ये आणि तिथून जोरदारमध्ये जायचं, अशी क्रॉसफेडची रचना केली होती. कागदावर ती बरोबर होती. कानाला मात्र मधल्या टप्प्यात दोन पेट्या एकत्र वाजतायत असं ऐकू येत होतं. कारण शोधलं तेव्हा कळलं की दाब वाढला की मुक्त रीडचा स्वर किंचित उतरतो. म्हणजे तीन थरांचे स्वर मुळातच एकमेकांशी जुळलेले नव्हते आणि एकत्र आले की त्यांचे वेगळेच हेलकावे तयार होत होते. थर एकाच स्वरात ट्यून केले तरी दोन वेगळ्या रेकॉर्डिंगचे फेज (ध्वनिलहरींचे चढउतार) जुळत नाहीत आणि आवाज पोकळ होतो.

उपाय साधा निघाला. फक्त जोरदार थर ठेवायचा. व्हील खाली आणलं की आवाज कमी करायचा आणि त्याबरोबर लो-पास फिल्टर (वरचे स्वरांश अडवणारी गाळणी) मिटत न्यायचा, कारण हलक्या हवेत पेटीचे वरचे स्वरांश आधी मावळतात. ३९ सॅम्पलची १३ झाली आणि वाद्य जास्त खरं वाटायला लागलं. त्यामुळे पुढच्या प्रत्येक सॅम्पलरला माझा मुख्य प्रश्न हा झाला: व्हील, आवाज आणि फिल्टर यांची जोडणी किती सहज करता येते, आणि त्या जोडणीला वक्र देता येतो का? सरळ रेषेत फिल्टर मिटवला तर पहिल्या अर्ध्या प्रवासात काहीच होत नाही असं वाटतं आणि शेवटी आवाज एकदम घुसमटतो.

रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या रीसँपलोमॅटिक ५००० ला मी थोडाच वेळ दिला. तो मुळात एकेका आवाजासाठी आहे. १३ झोनसाठी (झोन म्हणजे एका सॅम्पलच्या वाट्याच्या पट्ट्या) १३ प्रती लावाव्या लागतात, आणि पट्टी सोडल्याचा संदेश पाळायचा की नाही याची खूण प्रत्येकीत पाहावी लागते. ढोल, टाळी, एखादा ठोका यासाठी तो उत्तम आहे, झटपट उघडतो. रेंगाळणाऱ्या स्वराच्या वाद्यासाठी माझी निवड तो नव्हे.

टीएक्स१६डब्ल्यूएक्सच्या मोफत आवृत्तीत खरी मॅपिंगची खिडकी मिळते. झोन ओढून मोठे-लहान करता येतात, मॉड्युलेशनचा तक्ता आहे, आणि कशाने काय हलवायचं हे त्यात ओळीने लिहिता येतं. ज्यांना टेक्स्ट फाइलीची धास्ती वाटते त्यांना मी सुरुवात इथून करायला सांगेन. शिकायला वेळ लागतो, कारण हार्डवेअर सॅम्पलरच्या जुन्या परिभाषेवर त्याची मांडणी आहे, पण त्यातली विचारसरणी एकदा समजली की ती पुढे कुठल्याही सॅम्पलरमध्ये उपयोगी पडते.

डीसेंट सॅम्पलरही मोफत आहे, आणि त्याच्यासाठी लिहायची फाइल एक्सएमएलची, म्हणजे कंसांतल्या खुणांनी मांडलेली टेक्स्ट फाइल. झोन, लूप, लूपचा क्रॉसफेड, पट्टी सोडल्यावर वाजणारे आवाज, हे सगळं त्यात बसतं. त्याचं वेगळेपण असं की वाद्याला चेहरा देता येतो: पार्श्वभूमीला चित्र, त्यावर आपल्याला हवी तेवढीच बटणं. मी ‘हवा’ नावाचं एक बटण ठेवलं आणि त्याला आवाज व फिल्टर दोन्ही बांधले. एसएफझेडमधले आकडे मला इथे तसेच्या तसे वापरता आले, कारण दोन्हीकडे संकल्पना एकच आहेत. हे वाद्य दुसऱ्या कोणाला द्यायचं असेल तर मी हाच सॅम्पलर निवडेन. घेणाऱ्याला काही विकत घ्यावं लागत नाही, आणि विंडोज, मॅक, लिनक्स कशावरही तो चालतो.

शेवटी कॉन्टॅक्ट. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा हा सॅम्पलर २००२ पासून आहे आणि व्यावसायिक लायब्रऱ्या मोठ्या प्रमाणावर त्याच्यासाठीच बनतात. एक गोष्ट नव्याने येणाऱ्यांनी नीट समजून घ्यावी: मोफत मिळणारा कॉन्टॅक्ट प्लेयर आणि पूर्ण कॉन्टॅक्ट या वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना असलेल्या लायब्रऱ्या प्लेयरमध्ये पूर्ण चालतात, बाकीची वाद्यं थोडा वेळ डेमो म्हणून चालून थांबतात. स्वतःची सॅम्पलं घेऊन वाद्य बांधायचं तर पूर्ण आवृत्तीच लागते.

मॅपिंग तिथे वेगाने झालं. व्हीलच्या जोडणीला हाताने वक्र काढता येतो, त्यामुळे फिल्टर मला हवा तसा मिटू लागला. पण खरा फरक पडला स्क्रिप्टमुळे, म्हणजे सॅम्पलरच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळे. खऱ्या पेटीवर तीन-चार पट्ट्या एकदम दाबल्या की हवा वाटली जाते आणि प्रत्येक स्वर थोडा मऊ होतो. मी काही ओळींची स्क्रिप्ट लिहिली: पट्टी दाबली की मोजणी एकने वाढवायची, सोडली की कमी करायची, आणि मोजणी जितकी जास्त तितका एकूण आवाज किंचित खाली आणायचा. षड्ज-पंचम धरून वर चाल वाजवली तेव्हा भात्याचा तो ताण जाणवला. साध्या एसएफझेडमध्ये मला हे जमवता आलं नाही. ज्याच्या वाद्याला असं काही वागणं हवं असेल त्याच्यासाठी कॉन्टॅक्टचा खर्च सार्थ आहे. नुसता आवाज वाजवायचा असेल तर नाही.

तोच स्वर भरभर वाजवला की प्रत्येक वेळी हुबेहूब तीच सुरुवात ऐकू येते, ज्याला या क्षेत्रात मशीनगन म्हणतात. त्यावर रूढ उपाय म्हणजे राउंड रॉबिन, एका स्वराची अनेक रेकॉर्डिंग आळीपाळीने वाजवणं. पेटीला त्याची तितकी गरज भासली नाही. सॅम्पलची सुरुवात काही मिलिसेकंद मागेपुढे आणि स्वर एक-दोन सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) इकडेतिकडे अशी यादृच्छिक हालचाल दिली, तेवढ्यावर भागलं. एसएफझेडमध्ये या दोन्हींसाठी तयार आज्ञा आहेत, कॉन्टॅक्टमध्ये यादृच्छिक मॉड्युलेशन जोडता येतं.

आवाजाच्या शुद्धतेत कोणता सॅम्पलर सरस, असं मला विचारलं जातं. एक अर्धस्वर ताणताना मला पाचांमध्ये ऐकू येण्याजोगा फरक आढळला नाही. एक सप्तक ताणलं तर प्रश्न खरा होतो: १५ किलोहर्ट्झचा स्वरांश ३० वर जातो, आणि ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल दराच्या आवाजात (जो त्याच्या निम्म्यापर्यंतचेच स्वरांश दाखवू शकतो) तो नीट गाळला नाही तर १४.१ वर उलटून परत येतो. पण वाद्य जपून रेकॉर्ड केलेलं असेल तर इतकं ताणायची वेळच येत नाही.

एका गोष्टीने मला मनापासून आनंद दिला. स्फोर्झांडो स्काला फाइल (स्वरांमधली अंतरं लिहिलेली छोटी फाइल) स्वीकारतो, म्हणजे बारा स्वर आपल्याला हवे तसे लावता येतात. समस्वरी (सगळे अर्धस्वर सारख्या अंतरावर असलेल्या) पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तंबोऱ्यात ऐकू येणारा ३८६ वर. षड्ज कुठे धरायचा ते सांगितलं, गंधार १४ सेंट उतरवला आणि तंबोऱ्याच्या साथीत तो वाजवून पाहिला. खऱ्या पेटीत त्यासाठी रीड घासावी लागली असती.

सध्या मूळ प्रत एसएफझेडमध्येच ठेवली आहे आणि सगळे बदल आधी तिथे करतो. तिच्यावरून डीसेंट सॅम्पलरची प्रत काढतो. भात्याच्या स्क्रिप्टची प्रत कॉन्टॅक्टमध्ये आहे, ती प्रत्यक्ष गाण्याच्या मिक्ससाठी. पट्टी सोडतानाचा लाकडी खटका अजून घातलेला नाही. त्याची रेकॉर्डिंग झाली आहेत, फक्त सगळ्या पट्ट्यांची पातळी एकसारखी करायची बाकी आहे.