पंगत सोप्रानोंची

टोळीयुद्धाच्या मालिकेत सीझनचा शेवटचा भाग म्हटला की आपण सरसावून बसतो. आता गोळ्या सुटणार, फितूर सापडणार, ज्याचा ज्याचा हिशेब राहिलाय त्याचा चुकता होणार. ‘द सोप्रानोज’ या अमेरिकी माफिया मालिकेने ही हौस बऱ्याचदा आदल्याच भागात भागवून टाकली. टोळीला फितूर झालेल्या एड्रियानाला गाडीत घालून जंगलात मारायला नेलं ते पाचव्या सीझनच्या बाराव्या भागात. टोळीतला बॉबी खेळण्यातल्या आगगाड्यांच्या दुकानात गोळ्या खाऊन कोसळला, तोही अखेरच्या आदल्या भागात. मग शेवटच्या भागाला उरतं काय? घर. आणि न्यू जर्सीतल्या इटालियन माणसांचं घर म्हणजे जेवण आलंच.

पहिला सीझन संपला 4 एप्रिल 1999 ला. मालिकेचा टोळीवाला नायक टोनी सोप्रानो. त्याच्या आईनं त्याच्या ज्युनिअर काकाला फितवून स्वतःच्या लेकाचाच काटा काढायचा घाट घातलेला, पोलिसांनी काकाला उचललेलं, आणि हा पठ्ठ्या बायकापोरांना घेऊन धुवांधार पावसात अडकलेला. गाडी पुढे नेण्यात अर्थ नाही म्हणून ही मंडळी आर्टी बुको या मित्राच्या रेस्टॉरंटात शिरतात. वीज गेलेली. आर्टी मेणबत्त्या लावतो आणि त्यांना जेवायला वाढतो. टोनी पेला उचलून पोरांना सांगतो की उद्या तुमचे संसार होतील, तेव्हा नशीब असेल तर असे चांगले छोटे क्षण आठवतील.

डोळ्यांत पाणी यावं असा प्रसंग. फक्त एक भानगड आहे. आर्टीचं आधीचं रेस्टॉरंट टोनीनंच माणसं लावून जाळलेलं असतं. तिथे काका एकाचा खून पाडणार होता आणि तसं झालं असतं तर आर्टीकडे गिऱ्हाईक फिरकलं नसतं, म्हणून मित्राच्या भल्यासाठी आग! आर्टीला हे कळतं, तो बंदूक घेऊन येतो, टोनी साफ कानांवर हात ठेवतो. आणि आता त्याच आर्टीच्या हातचं गरम गरम खातोय.

हा प्रसंग मी आत्याला सांगितला. रात्रीच्या सगळ्या मराठी मालिका ती नेमानं बघते, त्यामुळे खलनायकांचा तिला अभ्यास आहे. ती म्हणाली, “जाळणाराही तोच आणि जेवणाराही तोच? घास उतरतो तरी कसा?”

उतरतो, आत्या. छान उतरतो. सहा सीझन उतरत राहिला.

तिसऱ्या सीझनच्या शेवटी त्याच रेस्टॉरंटात एका पोराच्या अंत्यविधीनंतरची जेवणं चाललीत. तो पोर टोळीतल्याच माणसांनी मारलेला, आणि मारणारे-मरणारे सगळ्यांचे नातलग एकाच छताखाली. ज्युनिअर काका उठून एक जुनं नेपल्सकडचं गाणं म्हणतो, टगे मुसमुसतात. टोनीची लेक मेडो मात्र दारूच्या तारेत काकावर पावाचे तुकडे फेकते आणि बाहेर पळते. त्या सगळ्या गर्दीत खरी वागणारी ती एकटीच, असं मला वाटतं. चौथ्याच्या शेवटी पंगतच मोडते, नवरा-बायकोचं भांडण अख्खा भाग खाऊन टाकतं. पाचव्यात टोनी एफबीआयच्या हातून निसटून बर्फातून पायी पळत येतो, बूट चिंब, आणि पोचतो कुठे, तर स्वतःच्या घराच्या मागच्या दाराशी.

म्हणून मालिकेच्या 10 जून 2007 च्या त्या जगप्रसिद्ध शेवटावर ‘मेला की जगला’ हा वाद घालणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. टोनी होल्स्टेन्स नावाच्या खाण्याच्या दुकानात बसलाय. दाराची घंटा वाजली की मान वर करतो. बायको येते, मग मुलगा. कांद्याच्या तळलेल्या चकत्या मागवल्यात. आपल्या गोल भज्यांची गोरी चुलत बहीण समजा. माझ्या मते राज्यात याहून भारी कुठे मिळत नाहीत, असं टोनी छातीठोक सांगतो. एकेक चकती अख्खी तोंडात जाते, ख्रिस्तप्रसाद घ्यावा तशी. एक अनोळखी जाकीटवाला संडासाकडे जातो. बाहेर मेडोला गाडी लावता येत नाहीये. पुढे, मागे, पुन्हा पुढे. इतकं चिडायला मला कुठल्याही बंदुकीनं लावलेलं नाही. अखेर ती धावत येते, घंटा वाजते, टोनी वर बघतो आणि पडदा काळा. आवाजही बंद.

अमेरिकेत त्या रात्री सुमारे 1 कोटी 19 लाख लोक बघत होते आणि त्यातल्या कित्येकांना केबलच गेली असं वाटलं. आमच्याकडे बऱ्याच वर्षांनी बघताना भाऊ राऊटर तपासायला उठला. मालिकेचा कर्ता डेव्हिड चेस तेव्हा फ्रान्समध्ये जाऊन बसला होता. न्यू जर्सीच्या ‘स्टार-लेजर’ दैनिकाला त्यानं मुलाखत दिली खरी, पण शेवटाचा अर्थ सांगायला चक्क नकार दिला. गंमत म्हणजे टोनी अंगणातून झगा सावरत जो पेपर उचलायचा, तो हाच.

काळ्या पडद्याच्या गोंधळात एक वाक्य मात्र हरवलं. होल्स्टेन्समध्ये पोरगा बापाला म्हणतो, चांगले क्षण लक्षात ठेवावेत, तुम्हीच म्हणाला होतात ना एकदा? टोनीच्या ते लक्षातही नाही. त्याआधीच तो सरकारी इस्पितळात ज्युनिअर काकाला भेटून आलेला असतो. काकाची स्मृती गेलीय. तुम्ही आणि माझ्या वडिलांनी मिळून उत्तर जर्सी चालवलीत, असं टोनी सांगतो, तर काका म्हणतो, “हो का? छान.” ज्या साम्राज्यासाठी पुतण्यावर मारेकरी घातले, त्याची किंमत ‘छान’ एवढीच. शेवट याच खोलीत होऊन गेला होता, होल्स्टेन्सच्या चकत्या हा वर वाढलेला गोड घास.

होल्स्टेन्स हे ब्लूमफील्ड गावातलं खरंखुरं आइस्क्रीमचं दुकान. टोनीचं काम करणारा जेम्स गँडोल्फिनी जून 2013 मध्ये रोमला गेला असता वारला, तेव्हा दुकानवाल्यांनी ते टेबल ‘राखीव’ची पाटी लावून रिकामं ठेवलं. 2024 मध्ये जुनी बाकडी बदलायची वेळ आली म्हणून टोनी बसला होता ती बाकडी आणि टेबल लिलावात काढलं. गेलं 82,600 डॉलरना.

आकडा ऐकून आत्या क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “एवढ्यात अख्ख्या गावाला भजी घातली असती की रे!”